लोकलमधून पडला, म्हणजे भरपाई बुडाली?

सकाळी मानखुर्दला येणारी सीएसएमटी लोकल पनवेल-वाशीकडूनच भरून आलेली असते. इथे चढणाऱ्याला बऱ्याचदा दारातच उभं राहावं लागतं. एक पाय फूटबोर्डवर, एक हात दांड्याला. अशात कुणी पडलं, की घरच्यांना लगेच ऐकवलं जातं : ‘दारात लटकत होता ना? मग काही मिळायचं नाही.’

हे साफ चुकीचं आहे. प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ प्रमाणे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य असे मोजके अपवाद आहेत. निष्काळजीपणा त्यात बसत नाही. 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. चढता-उतरताना झालेला अपघातही भरपाईस पात्र धरला. डिसेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं, की गर्दीच्या वेळी दारात उभं राहण्यावाचून प्रवाशाला इलाजच नसतो. रोज मानखुर्दच्या या हार्बर मार्गाने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण निकालपत्रात ते यावं याचं मोल मोठं आहे.

‘खिशात तिकीट सापडलं नाही, केस गेली’ हाही असाच समज. पडताना पाकीट, मोबाइल कुठल्या कुठे उडतात. नुसतं तिकीट न सापडल्याने दावा बाद होत नाही, हेही रीना देवी निकालातच आहे. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली, की ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. घरात पास असेल तर तो जपून ठेवावा.

रूळ ओलांडताना धडक बसली, तर मात्र या कलमाखाली सहसा भरपाई मिळत नाही. म्हणूनच पहिल्या कागदांत काय लिहिलं जातं, याला फार महत्त्व आहे. स्टेशन मास्तरचा मेमो, रेल्वे पोलिसांचा पंचनामा, इस्पितळातली पहिली नोंद : ‘गाडीतून पडला’ की ‘रूळ ओलांडताना’? दुःखात कुणी वाचत नाही, पण सही करण्याआधी एवढी ओळ वाचाच. चुकीची असेल तर तिथेच लेखी हरकत द्या.

1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी भरपाई 4 लाखांवरून 8 लाख रुपये झाली आहे. जखमींना इजेप्रमाणे मिळते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. उशिराला सबळ कारण असेल, तर न्यायाधिकरण नंतरही अर्ज घेऊ शकतं.