डिफरन्शियलच्या पोटात पुराचे पाणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पातळी गाठली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या पुराची कल्पना येईल. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. शाहूपुरीसारख्या भागात घरांत पाणी शिरले आणि दारात उभी असलेली वाहने कित्येक दिवस पाण्यात राहिली. त्यांत आमच्या अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची वडापची जीप होती. कोल्हापूरकडच्या नसलेल्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसे भरून गावोगाव जाणारी खाजगी जीप. ही जीप कळ्यावरून गगनबावड्याला जाई, आणि त्या घराची चूल तिच्यावर पेटे.

पूर ओसरल्यावर गाळ धुतला, इंजिनातले तेल बदलले, ब्रेक पाहिले. जीप सुरू झाली. मुलाने मला विचारले, "सर, आणखी काय बघायला पाहिजे का?" मी म्हणालो, "इंजिनचे तेल बदलले ना? मग झाले." या उत्तराची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर चढावर मागच्या बाजूने 'हूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी मागच्या हाउसिंगचा खालचा बोल्ट सोडला आणि मला भांडे दाखवून म्हणाले, "त्याल न्हाई ह्ये सर, च्या झालाय च्या!" खरोखरच दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे काही तरी भांड्यात पडत होते. आत बेअरिंगवर गंज आणि दातांवर बारीक खड्डे. दुरुस्तीला तीन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस घरात कमाई नव्हती.

आता हे हाउसिंग काय आहे ते पाहू. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी फुगवटा दिसतो, तो हाउसिंग. त्याच्या आत डिफरन्शियल असते. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. किती जास्त? समजा दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर आहे आणि घाटातल्या वळणावर गाडी पूर्ण उलट फिरली. दोन अर्धवर्तुळांच्या लांबीतला फरक π × १.४, म्हणजे सुमारे ४.४ मीटर येतो. गंमत अशी की, वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो! कागदावर करून पाहा. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तिला अडचण येत नाही. मोटारीत मात्र दोन्ही चाकांना एकाच इंजिनाने फिरवायचे असते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी यावर दंतचक्रांची जी युक्ती काढली, तिचेच रूप आजही वापरात आहे. मोठे चक्र, म्हणजे क्राऊन, मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर बाहेरचे चाक ११० आणि आतले ९० घेऊ शकते. दोहोंची सरासरी मात्र १०० च.

क्राऊनला फिरवणारे छोटे चक्र म्हणजे पिनियन. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'हायपॉइड' प्रकारचे दाते आले. त्यांत पिनियनचा आस क्राऊनच्या आसाच्या बराच खाली असतो. त्यामुळे लांब दांडा खाली बसतो, गाडीची बैठकही खाली आणता येते आणि आवाज कमी होतो. पण याची किंमत वंगणाला मोजावी लागते. हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. दोन दाते टेकतात ती जागा काही चौरस मिलिमीटरांचीच. तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या घरात जाऊ शकतो.

एवढ्या दाबाखाली तेल पिळून बाहेर का जात नाही? कारण दाब वाढला की तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, प्रचंड वाढते. त्या क्षणापुरते तेल जवळजवळ घट्ट होते आणि धातूला धातू टेकू देत नाही. तरीही कोठे पापुद्रा फाटलाच, तर तेलात मिसळलेली गंधक आणि फॉस्फरसची संयुगे तापलेल्या लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर बनवतात. दातांऐवजी हा थर झिजतो. 'नव्वद नंबर' तेलाला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचाच.

पाण्याला ही जादू साधत नाही. दाबाखाली त्याची श्यानता फारशी वाढतच नाही. तेलात विखुरलेला पाण्याचा थेंब दातांच्या मध्ये सापडला, की तेवढ्या जागी संरक्षक पापुद्रा तुटतो. गंज चढतो तो वेगळाच.

पण चारी बाजूंनी बंद असलेल्या पेटीत पाणी शिरले कसे? येथे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलेला चार्ल्सचा नियम माझ्यासमोर उभा राहिला. हाउसिंग पूर्ण बंद नसते. आतली हवा तापली की बाहेर पडावी म्हणून वरच्या बाजूला एक लहान श्वासछिद्र असते. ती जीप त्या संध्याकाळी गगनबावड्याहून पाणी तुडवत घरी आली होती. हाउसिंग ८० अंश सेल्सिअस तापलेले आणि पुराचे पाणी २५ अंशांचे, असे समजू. केल्व्हिनमध्ये हे ३५३ आणि २९८. आत एक लिटर हवा असेल, तर थंड होताच ती २९८/३५३ लिटर, म्हणजे सुमारे ८४४ मिलिलिटर होईल. उरलेली १५६ मिलिलिटर जागा भरायला बाहेरून काय येणार? पाणी! छिद्र चिखलाने बुजले असेल, तर हीच ओढ चाकांकडच्या ऑईल सीलवर पडते. सील आतले तेल आत ठेवण्यासाठी बनवलेले असते, बाहेरचे पाणी अडवण्यात ते तितके पटाईत नसते. शिवाय वर मीटरभर पाणी साचले, की वातावरणाच्या सुमारे दहाव्या भागाइतका जादा दाब बाहेरून असतोच.

तेल तपासायचे कसे? सर्वांत साधी चाचणी बाटलीची. थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर हलवू नये. तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट असते, म्हणून सुटे पाणी तळाशी बसते. तेल आधीच दुधाळ झालेले असेल तर दुसरी चाचणी विचारण्याचे कारण नाही. शंका उरली तर तापल्या तव्याची चाचणी करावी. विजेच्या शेगडीवर, स्वयंपाकात न वापरायचा जुना तवा सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून त्यावर एकच थेंब टाकायचा. कोरडे तेल गप्प पसरते, पाणी असलेले तडतडते. हजारात एक भाग पाणीही असे ओळखू येते. मात्र शिक्षक जवळ हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा आणि आधी नव्या तेलाचा थेंब टाकून पाहावा.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चुंबक तेलात फिरवावे. करडा मऊ लेप लागला तर ती नेहमीची झीज. चमकणारे कपचे किंवा सुयांसारखे तुकडे लागले तर गाडी मेस्त्रींकडे न्यावी. पुष्कळ जण बोटांत चोळून 'तेल अजून दाट आहे, चालेल' म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. पाणी मिसळून दुधाळ झालेले तेल कधी कधी उलट जास्तच दाट लागते!

दाटपणावरून आठवले. तेलाचा ९० हा अंक पाहून ते ४० नंबरच्या इंजिन तेलाच्या दुपटीहून दाट असेल असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हींची अंक देण्याची पट्टीच वेगळी आहे, आणि १०० अंशांना दोघांची श्यानता जवळपास सारखी भरते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यांचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असते आणि दोहोंचे तेल एकच असते. अशा गाडीत वाटेल ते नव्वद नंबर ओतू नये. 'जी.एल. ५' खुणेच्या काही तेलांतले गंधक पितळी भागांना बाधते, म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच तेल घालावे.

तेल बदलताना मेस्त्री आधी भरण्याचा वरचा बोल्ट सोडतात आणि मगच खालचा. मला हे उगाच वाटले होते. कारण विचारले तर म्हणाले, "खालनं त्याल सोडलं आन् वरचा गंजून बसला आसंल, तर भरायचं कुटनं?" भरताना गाडी सपाट जागी हवी. वरच्या भोकातून तेल ओघळू लागले, की माप झाले. जास्त भरले तर घुसळून फेस होतो आणि सीलमधून गळती सुरू होते. जुने तेल गटारात ओतू नये. ते पंचगंगेलाच जाऊन मिळते. डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि तीच जीप पुन्हा पाण्यात राहिली. या वेळी पाणी उतरल्यावर आम्ही ती मुळीच सुरू केली नाही. सुरू केली असती, तर पाणी आणि तेल घुसळून एक झाले असते. रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी मुलाने वरचा बोल्ट काढला, मग खालचा. प्रथम गढूळ पाण्याची धार लागली, पेलाभर तरी असेल. मग तुटक थेंब, आणि मग काळसर तेल. नवे तेल भरून दोनशे-तीनशे किलोमीटर जीप चालवली आणि तेही बदलले. त्याचा नमुना बाटलीत दोन दिवस ठेवला, तेव्हा तळाशी पाण्याची दोऱ्याएवढी रेघ दिसली. त्यानंतर भरलेल्या तेलाचा थेंब तव्यावर गप्प बसला. तिन्ही बाटल्या आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने ठेवल्या आहेत. चिठ्ठ्या त्या मुलाच्या अक्षरातल्या आहेत.