चाल मोजायची, पण कोणत्या जमिनीवर?

हाडातच सुरू होणारा कर्करोग तसा दुर्मीळ. पण होतो तेव्हा बहुधा कोवळ्या वयात होतो, आणि मांडीच्या हाडाचे गुडघ्यालगतचे टोक हे त्याचे सर्वात नेहमीचे ठिकाण असते. ऑस्टिओसार्कोमा हा त्यातला मुख्य प्रकार प्रामुख्याने दहा ते वीस या वयात, हाड झपाट्याने वाढत असताना, गाठतो. १९७०च्या दशकापर्यंत यावर उपाय एकच होता, पाय मांडीतून कापणे. आणि तेवढे करूनही बहुतेक रुग्ण फुप्फुसात पसरलेल्या रोगाने दगावत. केमोथेरपीने ही स्थिती पालटली. आता बहुसंख्य रुग्णांचा पाय वाचतो. गाठ असलेला हाडाचा तुकडा भोवतालच्या निरोगी स्नायूंच्या थरासह काढतात आणि तिथे धातूचा लांब सांधा बसवतात. वर उरलेल्या हाडाच्या पोकळीत सिमेंटने रोवलेली सळई, मधे हाडाची जागा घेणारा धातूचा दंड आणि खाली बिजागरीचा गुडघा अशी या मेगाप्रोस्थेसिसची रचना असते. परदेशी बनावटीचा असा सांधा आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. मनीष अग्रवाल, डॉ. अजय पुरी यांच्यासारखे शल्यचिकित्सक आणि आयआयटी मुंबईतील प्रा. बी. रवी यांचा अभियंत्यांचा चमू यांनी मिळून देशी सांधा घडवला. रुग्ण जगला आणि पायही राहिला, इथवरचा हिशेब नीट मांडला जातो. पुढे तो चालतो कसा, याचा हिशेब आपल्याकडे फारच तोकडा आहे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर तो मांडायची पद्धतच वेगळी असायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

चालणे दिसते सोपे, पण त्यात गुडघ्याला एका पावलात दोन वेळा वाकावे लागते. टाच टेकली की गुडघा पंधरा-वीस अंशांत वाकतो आणि अंगाचा भार झेलतो. या वेळी मांडीच्या पुढचा चतुःशिरस्क स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, ब्रेकचे काम करतो. मग गुडघा सरळ होतो, आणि पाय हवेत पुढे जाताना पुन्हा साठेक अंशांत वाकतो, नाहीतर बोटे जमिनीला घासतील. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत या स्नायूचाही काही भाग गाठीबरोबर जातो. ब्रेक दुबळा झाल्यावर बरेच रुग्ण भार घेताना गुडघा वाकूच देत नाहीत. पाय काठीसारखा ताठ ठेवून त्यावरून पुढे जातात. काहींचा गुडघा उलट सतत थोडा वाकलेलाच राहतो. इटलीतील बोलोन्याच्या संशोधकांनी २००० साली कॅमेरे, जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्ट्या आणि स्नायूंतील विद्युतसंकेत यांच्या मदतीने अशा रुग्णांची चाल तपासली आणि तिचा संबंध कोणता स्नायू किती काढावा लागला याच्याशी जोडून पाहिला. लंडनजवळच्या स्टॅनमोर येथील अभियंते तर त्याआधीच एक पाऊल पुढे गेले होते. त्यांनी अशाच रुग्णांच्या मांडीतील सांध्यात मापक बसवून आतला भार बिनतारी संदेशाने बाहेर मिळवला. साध्या सपाट चालण्यातही तिथे शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, हे त्यातून दिसले. दिवसाला आठ हजार पावले धरली तर एका पायावर वर्षाला साडेचौदा लाखांच्या आसपास वेळा हा भार पडतो. सळई हाडातून सैल होते किंवा बिजागरीचे प्लास्टिक झिजते, ते या आकड्यांमुळे.

ताठ गुडघ्याची चाल सरसकट दोष मानायची का? मला तसे वाटत नाही. गुडघा वाकवला नाही की दुबळ्या स्नायूला ब्रेक लावावा लागत नाही आणि पाय अचानक मुडपून पडण्याचा धोका कमी होतो. शरीराने शोधलेली ती तडजोड आहे. पण तिची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. भार झेलणारी लवचीकता गेल्याने टाच टेकतानाचा धक्का थेट सळई आणि सिमेंटपर्यंत जातो, धडधाकट पायावर जास्त वेळ भार राहतो, आणि पाय पुढे नेताना कंबर वर उचलावी लागल्याने दमछाक वाढते. तरीही पाय कापून बसवलेल्या कृत्रिम पायापेक्षा हा सौदा फायद्याचा ठरतो. गुडघा बदललेले ऑस्टिओसार्कोमाचे रुग्ण मांडीतून पाय कापलेल्या रुग्णांपेक्षा वेगाने आणि कमी शक्ती खर्चून चालतात, असे अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्येच श्वासातल्या ऑक्सिजनच्या मोजणीवरून दाखवले होते. तेव्हा लंगडणे पूर्ण घालवणे हे उद्दिष्ट धरण्यात अर्थ नाही. कोणते लंगडणे राहू द्यायचे आणि कोणते व्यायामाने बदलायचे, एवढे ठरवता आले पाहिजे. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून मोजमाप लागते.

इथवर सगळे प्रयोगशाळेतले झाले. तिथली फरशी गुळगुळीत, वाट सरळ आणि काही मीटर लांबीची, रुग्णाच्या हातात काही नाही. भामरागड, एटापल्ली किंवा कोरपना-जिवतीच्या रुग्णाची जमीन अशी नसते. धानाच्या बांधीत पोटरीइतक्या चिखलातून पाय ओढून काढताना गुडघा सपाट चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वाकावा लागतो. पाऊल चिखलात रुतलेले असताना अंग वळले तर पिळाचा जोर पायातून वर चढतो. बिजागरी फक्त पुढे-मागे हलणारी असेल तर तो पीळ थेट सिमेंटच्या जोडावर जाऊन बसतो. थोडे फिरू देणारी बिजागरी त्यातला काही भाग सोसून घेते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या अरुंद बांधावरून, चालताना दोन पावलांमधले आडवे अंतर आवळावे लागते आणि तोल खुब्याच्या स्नायूंवर येतो. कामांच्या मागण्याही एकसारख्या नाहीत. रोवणी करणारी बाई कमरेतून वाकते, गुडघे बरेचसे सरळ ठेवते आणि मागे-मागे सरकते. गुडघा कमी वाकतो ही तिची मुख्य अडचण नसते. चिखलातून मागे पाऊल टाकणे ही असते. मोहफुले वेचताना, तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना किंवा शौचाला बसताना उकिडवे बसावे लागते, म्हणजे गुडघा १३० अंशांच्या पुढे मुडपावा लागतो, आणि बिजागरीचा सांधा सहसा तेवढा वाकत नाही. एकच रुग्ण एका कामाला पुरेसा बरा आणि दुसऱ्याला पूर्ण अपात्र असू शकतो. सपाट फरशीवरचा चालण्याचा वेग यातले काहीच सांगत नाही.

गाठ हाडाच्या वरच्या टोकाला, खुब्याशी असेल तर गणित आणखी बदलते. तिथे कंबर आडवी धरून ठेवणारे स्नायू हाडापासून सुटतात आणि त्यांना धातूवर पुन्हा घट्ट पकड मिळत नाही. पाऊल टाकताना धड त्या बाजूला झुकते. अशा रुग्णाने भरलेली कळशी कोणत्या कमरेवर घ्यावी? बहुतेक घरांत सांगतील, चांगल्या बाजूला. यंत्रशास्त्र उलट सांगते. ओझे शस्त्रक्रियेच्याच बाजूला घेतले तर त्या पायावर उभे असताना दुबळ्या स्नायूंना कमी जोर लावावा लागतो. विरुद्ध बाजूचे ओझे त्यांचे काम वाढवते. चाल तपासणाऱ्याने ही गोष्ट पाच मिनिटांत करून दाखवावी आणि शल्यचिकित्सकाला विचारून ओझ्याची मर्यादा ठरवून द्यावी. छापील सूचनापत्रात ती सापडत नाही. तिथे असते ‘जड वजन उचलू नये’, आणि पाणी डोक्या-कमरेवरून आणणाऱ्या घरात या सूचनेचा उपयोग शून्य.

यावर पहिला आक्षेप असा की, रुग्णाचे कार्य मोजायच्या पद्धती आहेतच. १९९३ पासून जगभर वापरले जाणारे एमएसटीएस गुणांकन वेदना, कार्यक्षमता, मानसिक स्वीकार, आधाराची गरज, चालण्याची क्षमता आणि चालीची ढब अशा सहा बाबींना पाचपैकी गुण देते. टोरांटोची टेस प्रश्नावली रुग्णालाच विचारते की अमुक काम किती अवघड जाते. दोन्ही उपयोगी आहेत. पण पहिली डॉक्टरच्या नजरेवर चालते, आणि दुसरीत बागकाम किंवा मोटार चालवणे यांसारखी कामे आहेत. तीसपैकी पंचवीस गुण मिळवलेला रुग्ण गावी परतून धानाच्या कामातून कायमचा बाहेर पडू शकतो आणि त्याची कागदावर कुठेच नोंद होणार नाही. आपल्याकडे याचे उत्तर एकदा सापडले आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ मध्ये कृत्रिम पाऊल बनवले तेव्हा अनवाणी चालणे, चिखल आणि उकिडवे बसणे हीच त्यांची कसोटी होती. युरोपी पाऊल दिसायला नीट असूनही शेतकरी ते काढून ठेवत, हे त्यांनी पाहिले होते. शरीराबाहेरच्या पावलाला आपण जी कसोटी लावली ती शरीराच्या आतल्या सांध्याला लावायची राहून गेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हाडाचा कर्करोग दोन जिल्ह्यांत मिळून होणार तो किती जणांना? जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे कर्करोगाचे निदान वेळेवर होणे हीच मोठी गोष्ट. चालीची चैन कशाला? हे खरे आहे की निदानाला उशीर झाला तर पुढचे सगळे व्यर्थ. पण चाल तपासायची सोय एकाच रोगासाठी नसते. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खचते. तरुण वयात लंगडत येणाऱ्या रुग्णांमागे हे कारण असू शकते. शोधग्राममधील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीच्या ८६ गावांचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवले की तिथल्या दर सात मृत्यूंमागे साधारण एक पक्षाघाताचा असतो. पक्षाघातातून वाचलेल्यांचे पाय फरफटतात. त्यांच्यासाठीही हीच तपासणी, हेच व्यायाम. दुर्मीळ आजारासाठी सोय उभारली तर ती नेहमीच्या आजारांना आपोआप उपयोगी पडेल. एरवी योजना नेहमीच्या आजारांसाठी आखतात आणि दुर्मीळ रुग्ण त्यात बसत नाही.

राहिला खर्च. अनेक कॅमेऱ्यांची पूर्ण प्रयोगशाळा जिल्हा रुग्णालयात नको, आणि ती मागणेही चूक ठरेल. दहा मीटर चालायला लागणारा वेळ, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसणे, सहा मिनिटांत कापलेले अंतर या चाचण्यांना घड्याळ आणि मोजपट्टी पुरते. स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेली ओपनकॅप ही प्रणाली दोन फोनच्या चित्रणातून सांध्यांचे कोन काढते. अंगावर खुणा चिकटवाव्या लागत नाहीत, म्हणजे अंगणातही चित्रण करता येते. तिच्याही मर्यादा आहेत. पायाचा फिरकीचा कोन कॅमेऱ्याला नीट पकडता येत नाही, लुगड्याच्या किंवा सैल पायजम्याच्या आत गुडघा कुठे आहे हे संगणक अंदाजानेच ठरवतो, आणि सांध्याच्या आतला भार तर कोणत्याही चित्रणात दिसत नाही. सळई सैल होऊ लागली का, हे सांगायला क्ष-किरणच हवे. पण त्याच रुग्णाची आजची चाल सहा महिन्यांपूर्वीच्या चालीशी ताडून पाहायला हे पुरेसे आहे. वेग घटला, भार घेण्याचा काळ आखडला, तर तातडीने तपासायला बोलावता येईल. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तिथून मुंबई आणखी नऊशे-हजार. कोणाला कधी बोलवायचे हे आधी कळले तर मजुरी बुडवून केलेली एखादी निष्फळ फेरी वाचेल आणि मोडायला आलेला सांधा मोडण्याआधी सापडेल.

चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता झाले आहे, २०११ पासून तिथे गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारे अभियंते आहेत. सांधा बनवणाऱ्यांनी, शल्यचिकित्सकांनी आणि या संस्थांनी मिळून कामांची एक यादी ठरवावी, म्हणजे बांधीतले दहा पावलांचे चालणे, धुरा, ओझे घेऊन उतार आणि बसून उठणे, आणि प्रत्येक रुग्णाचे दरवर्षी तेवढेच चित्रण करावे. सळईची जाडी आणि बिजागरीची घडण पुढच्या खेपेला बदलायची तर ती याच नोंदींवरून बदलता येईल. पहिली नोंद मात्र शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण अजून चालू शकत असेल तर तेव्हाच, व्हायला हवी. ती राहिली तर नंतरच्या कुठल्याच आकड्याची तुलना त्याच्या स्वतःच्या चालीशी करता येत नाही.