शेण तपासा, मग औषध पाजा



भाताची कापणी उरकली की जोहे आणि आसपासच्या गावांतली गुरे, शेळ्या शिवारात मोकळ्या सुटतात. सगळ्यांचे शेण, लेंड्या एकाच रानात पडतात अन् तिथलेच गवत सगळी खातात. जंतांचा फेरा इथेच सुरू होतो. ओल आणि ऊब मिळाली की शेणातल्या अंड्यांतून आठवड्याभरात अळ्या तयार होतात, दवाच्या ओलीने गवतावर चढतात आणि चरताना पोटात जातात. शेळीचे रक्त पिणाऱ्या जंताची एक मादी दिवसाला ५,००० वर अंडी घालते. मग पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते, करडू दगावते.

सगळ्यांना एकदम औषध का नको?
कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटातून बहुतेक अंडी पडतात. घोड्यांत साधारण २० टक्के जनावरे ८० टक्के अंडी टाकतात. शेळ्यांतही बराचसा हाच प्रकार. वारंवार तेच औषध सरसकट पाजले, तर त्याला न जुमानणारे जंत शिल्लक राहतात आणि पैसा वाया जातो.

मोजणी कशी होते?
शेण मिठाच्या दाट पाण्यात कालवतात. हलकी अंडी वर तरंगतात. ती खुणांच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. नेहमीच्या पद्धतीत १२ अंडी दिसली, तर ५० ने गुणून एका ग्रॅमला ६०० असा हिशेब निघतो.

नमुना असा न्या
१. शेण ताजे, जमिनीला न लागलेले घ्या. दोन चमचे पुरे.
२. प्रत्येक जनावराची पुडी वेगळी बांधा, वर खूण लिहा.
३. सावलीत, गार ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. उशीर झाला तर अंडी फुटतात, मोजणी चुकते.
४. औषधानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. अंडी फारशी घटली नसतील, तर डॉक्टरांना औषध बदलण्याविषयी विचारा.

एवढे ध्यानात ठेवा
अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीतच, असे नव्हे. कोवळे जंत अंडी घालत नाहीत. भातखाचरातल्या, डबक्यातल्या गोगलगायींमुळे होणाऱ्या यकृतातील चपट्या कृमीची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. त्यासाठी वेगळी तपासणी मागा. जनावर खंगलेले, सुजलेले असेल तर मोजणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. औषधानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, तेही विचारून घ्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि कापणीनंतर एकदा तपासणी करावी. रान सगळ्यांचे असल्याने एकट्याने करून भागत नाही. आळीतल्या सगळ्यांनी मिळून नमुने न्यावेत.