मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे डॉक्टर : बारा वर्षांची वाट आणि तिच्या बाजूच्या वाटा

नीटचा निकाल लागला की घराघरांत तीच चर्चा सुरू होते. मुलगा हार्टचा डॉक्टर होणार, मुलगी बायकांची डॉक्टर होणार. मेंदूचा डॉक्टर म्हटले की डोके उघडणारा सर्जन एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. डोक्याला हात न लावता, जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून शेवईसारखी बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन इलाज करणारे डॉक्टरही असतात, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. त्यांना न्यूरोइंटरव्हेन्शनिस्ट म्हणतात. नाव जड आहे. काम समजायला तितके अवघड नाही.

अँजिओग्राफी हा शब्द आता प्रत्येक घरात पोहोचला आहे. पण तिची सुरुवात हृदयापासून नव्हे, मेंदूपासून झाली म्हटले तरी चालेल. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर प्रथम दाखवल्या. पुढे मॉस्कोच्या सेर्बिनेन्को यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा बांधून तो मेंदूत नेला आणि तिथेच सोडला. १९७४ मध्ये त्यांचे काम जगापुढे आले. दोरीचे फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १९९० च्या सुमारास इटलीचे गुग्लिएल्मी यांनी कॅलिफोर्नियात प्लॅटिनमची मऊ तार तयार केली. मेंदूतली रक्तवाहिनी एखाद्या जागी फुग्यासारखी फुगते, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला तर माणूस दगावू शकतो. ही तार त्या फुगवट्यात गुंडाळून बसवायची आणि विजेचा सौम्य प्रवाह देऊन नळीपासून सोडवायची. आज याला कॉइलिंग म्हणतात.

दुसरे मोठे काम लकव्याचे. अंगावरून वारा गेला म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. ती मोठ्या वाहिनीत असेल तर नळीने ओढून बाहेर काढता येते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराने १०० पैकी १९ रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकत होते. गुठळी काढण्याची जोड दिल्यावर ३३. हा चमत्कार नव्हे. पण शंभरांतली ती चौदा माणसे अंथरुणाला खिळण्याऐवजी स्वतःच्या पायांवर चालू लागली, हे ज्या घरात लकव्याचा रुग्ण आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी इतर देशांतल्या अभ्यासांनीही हेच दाखवले आणि या शाखेचे दिवस पालटले.

तिसरे काम पाठीच्या कण्यातले, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषांत कधी कधी मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शीर यांच्यात नको तो जोड तयार होतो. पाय हळूहळू जड होतात, लघवीवरचा ताबा जातो. वर्ष-वर्ष मणक्याची चकती सरकली म्हणून इलाज चालतो. योग्य वेळी ओळखले, तर नळीतून खास गोंद सोडून तो जोड बंद करता येतो, नाहीतर शस्त्रक्रिया आहेच.

आता वाट पाहू. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे. त्यानंतर नीट-पीजी आणि तीन वर्षांचे एमडी किंवा एमएस. इथे तीन दरवाजे आहेत. रेडिओलॉजीतून गेलात तर पुढे न्यूरोरेडिओलॉजीचे तीन वर्षांचे डीएम. मेडिसिनमधून गेलात तर न्यूरोलॉजीचे डीएम आणि मग या कामाची फेलोशिप. सर्जरीतून गेलात तर न्यूरोसर्जरीचे एमसीएच आणि पुन्हा फेलोशिप. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळुरूचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स ही या शिक्षणाची जुनी आणि मानाची ठिकाणे. हिशेब केला तर निदान साडेअकरा-बारा वर्षे झाली. प्रवेश परीक्षेत एखादे वर्ष गेले, तर अठराव्या वर्षी निघालेले मूल तिशी ओलांडूनच कामाला लागते.

आमच्या मते खरा प्रश्न हुशारीचा नाही, या बारा वर्षांचा आहे. चुलतभाऊ गल्फमध्ये जाऊन घर बांधतो, धाकट्या बहिणीचे लग्न ठरते, आणि हा अजून 'शिकतोच' आहे. नातेवाईक विचारायला लागतात. पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमडी आणि डीएमच्या काळात सरकारी संस्थांत दरमहा विद्यावेतन मिळते. त्यात थाटमाट होत नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. खरा खर्च एमबीबीएसचा, आणि तो सरकारी आणि खासगी कॉलेजात जमीन-अस्मानाइतका वेगळा. म्हणून जमीन विकून खासगी जागा घेण्याआधी, नीटचा आणखी एक प्रयत्न करून सरकारी जागा मिळते का ते आधी पाहावे. बॉण्डच्या अटीही सही करण्याआधी वाचाव्यात. कुठे किती वर्षे सेवा आणि सोडल्यास किती दंड, हे संस्थेगणिक बदलते.

मुलींविषयी आम्हाला नेहमी विचारले जाते. या कामात एक्स-रे सतत चालू असतो, मग आई होण्याचे काय? भीती अनाठायी नाही, पण तिला उत्तर आहे. शिशाचा ॲप्रन, गळ्याचे कवच, काचेचा आडपडदा आणि छातीवर किरणे मोजणारा बिल्ला हे सक्तीचे असते. दिवस गेल्याचे कळवल्यावर पोटातल्या बाळाला पुढच्या काळात १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त किरणे मिळू नयेत, असा आपल्याकडे नियम आहे. तेवढे महिने कामाची वाटणी बदलता येते. खरा त्रास वेगळाच: तो ॲप्रन काही किलोंचा असतो आणि तासन् तास उभे राहून पाठ धरते. पुरुष डॉक्टरांचीही धरते. शिवाय लकवा रात्री-अपरात्री येतो. फोन वाजला की निघावे लागते. रमजान असो की लग्नघर.

आणि हेही सांगायला हवे की या टेबलावर माणसे दगावतात. नळी नेताना वाहिनी फाटू शकते. बाहेर उभ्या असलेल्या बायकोला, मुलांना ते स्वतः जाऊन सांगावे लागते. ज्या मुलाला नुसता मोठेपणा हवा आहे, त्याने दुसरी शाखा पाहावी.

पण डॉक्टर एकटा काही करू शकत नाही, आणि इथेच लहान वाटा सुरू होतात. कॅथलॅबमध्ये मशीन चालवणारा तंत्रज्ञ, नळ्या-तारा हातात देणारी नर्स, भूल देणारे डॉक्टर, नंतर हातपाय पुन्हा हलवायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट यांच्याशिवाय ते दालन उघडत नाही. बारावी विज्ञानानंतर रेडिओग्राफी आणि इमेजिंगचे पदवी अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पॅरामेडिकलची पदवीही मिळते. बाविशी-तेविशीत हाती नोकरी येऊ शकते. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलांना आपण 'आता काय' म्हणून बी.एस्सी.ला ढकलतो, त्याआधी ही चौकशी करावी. गणित ज्यांचे पक्के आहे त्यांच्यासाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. श्री चित्रा संस्थेनेच हृदयाची देशी झडप तयार केली; मेंदूतल्या तारा-जाळ्या मात्र आजही बऱ्याचशा परदेशातून येतात आणि म्हणूनच बिल लाखांत जाते.

ही सोय अजून मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. तालुक्याच्या गावी तोंड वाकडे झाले, हात पडला, जीभ अडखळली की आजही आधी मालीश होते, कुठे कबुतराचे रक्त चोळतात, आणि सकाळ होते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी ओढून काढण्याला निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाव असतो, पण जितका उशीर तितका मेंदू मरतो. १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात नेणे, हे घरातल्या दहावीच्या मुलालाही माहीत असावे.

ज्यांचे मूल यंदा एमबीबीएसला लागले आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांचे कडे येते, सर्कल ऑफ विलिस. बहुतेक मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. आपल्या मुलाला किंवा मुलीला ते पुन्हा पुन्हा काढावेसे वाटले, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रेडिओलॉजी विभागात परवानगी घेऊन मेंदूची अँजिओग्राफी एकदा उभे राहून पाहू द्या. तिथल्या निवासी डॉक्टरांना रात्रीच्या ड्युटीविषयी विचारू द्या. शाखा निवडायची वेळ त्यानंतर तीन-चार वर्षांनी येणार आहे. तोवर घाई नाही.