सकाळचा पोटाचा अर्धा तास

मोठ्या आतड्याला रात्र कळते. झोपेत त्याची हालचाल मंदावते आणि जाग येताच ती वाढू लागते. मग पोटात काही गेलं की जठर ताणलं जातं, त्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत आणि संप्रेरकांमार्फत मोठ्या आतड्याला पोचते आणि तिथला मळ पुढे सरकतो. जाग येणं आणि पहिलं खाणं या दोन लाटा सकाळी एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून पोटासाठी सकाळी काय प्यावं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. या लाटा येतात तेव्हा माणूस घरात, निवांत आणि मोकळा असतो का, हा खरा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप कोमट पाण्याचा येईल. कित्येक घरांत दिवस तांब्याभर कोमट पाण्याने, लिंबू-मधाने सुरू होतो आणि त्याने ‘पोट साफ होतं’ असा अनुभव सांगितला जातो. तो अनुभव खोटा नाही, पण श्रेय चुकीच्या जागी जातं. 1990 साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉफीने ज्यांना कळ येते अशा माणसांच्या आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल कॉफीनंतर चार मिनिटांतच वाढलेली दिसली, कॅफीन काढलेल्या कॉफीनेसुद्धा. नुसत्या गरम पाण्याने ती वाढली नाही. प्रयोगातली माणसं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. शरीरात पाणी कमी पडत असेल तर पाणी प्यायलंच पाहिजे, ते कोमट असलं तरी हरकत नाही. पण पाणी पिऊन लगेच बूट घालणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. पाणी पिऊन, थोडं फिरून, चार घास खाऊन पंधरा-वीस मिनिटं थांबणाऱ्याला होतो, आणि त्यात मोठा वाटा थांबण्याचा असतो.

कळ दाबली की ती विरते. मळ मात्र तिथेच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो घट्ट होतो. रोज असंच होत राहिलं तर गुदाशयाला ताण जाणवणंच कमी होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयाने सुरू होतो. त्याचं नावच ‘न वेगान्धारणीय’, म्हणजे वेग धरून ठेवू नयेत. आजच्या शरीरशास्त्राची वाट वेगळी आहे, पण या एका मुद्द्यावर दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात.

मात्र पुढे सरकायला आत काही हवं. चहा-बिस्किटावर भागवलेल्या सकाळीत चोथा जवळजवळ नसतो. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, नाचणीत थोडे जास्तच, तर पांढऱ्या तांदळात तीनाच्या आतबाहेर. 2000 कॅलरींच्या आहारात साधारण 30 ग्रॅम तंतू असावेत, अशी आपल्याकडची शिफारस आहे. रात्रीची भाकरी सकाळी दुधात किंवा ताकात कुस्करून खाणं, नाचणीची आंबील, मटकीची उसळ हा जुना नाश्ता या हिशेबात चोख बसतो. आंबवलेल्या पदार्थांच्या बाजूने पुरावाही आहे. 2021 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 36 निरोगी प्रौढांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला, त्यात असे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली. त्या प्रयोगात आंबील नव्हती, तेव्हा तिच्या नावावर तो निष्कर्ष थेट लिहिता येणार नाही. तंतू एकदम वाढवले तर वायू धरतो. ते हळूहळू आणि पाण्यासोबत वाढवावेत.

रोज सकाळी झालंच पाहिजे, हा हट्टही नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ही सर्वसाधारण कक्षा आहे. न झाल्याच्या धास्तीने कुंथत बसणं किंवा रोज रेचक चूर्ण घेणं हा त्या हट्टाचाच त्रास. मळातून रक्त जाणं, कारणाशिवाय वजन उतरणं, बरीच वर्षं असलेली सवय अचानक बदलणं यासाठी मात्र घरगुती उपाय करत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावं.

सगळ्यात खरा आक्षेप वेळेचा आहे. पहाटेची लोकल पकडणाऱ्याकडे किंवा वस्तीतल्या सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभ्या असलेल्या बाईकडे हा अर्धा तास कुठून येणार? तिला ‘सवय लावा’ म्हणणं अन्यायाचं आहे. घरी ज्यांना जमतं त्यांनी अर्धा तास आधी उठावं. पण सकाळी सातच्या शाळेला निघालेल्या मुलाला तिथे पाणी असलेला, आतून कडी लागणारा संडास मिळाला, तर ते दुपारपर्यंत कळ दाबून बसणार नाही.