पेंडीचा भाव आणि कारभाऱ्याची खुर्ची

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे. मक्याचा ट्रक आला की आधी वजनकाटा, मग पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना, मग ओलाव्याची तपासणी. ओल जास्त निघाली तर माल परत. मक्यावरच्या बुरशीचं विष म्हशीच्या दुधात उतरतं, त्यामुळं इथं भीडभाड चालत नाही. पास झालेला मका, सरकी पेंड, कोंडा, मळी सगळं भरडून, वाफ देऊन त्याच्या कांड्या पाडतात.

या कांडी पेंडीचा भाव मात्र वजनकाट्यावर ठरत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधन घातलं, तशा डिस्टिलऱ्या मक्याकडं वळल्या. पशुखाद्याचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्याच वर्षी जुलैत तेल काढलेल्या कोंड्याची निर्यात बंद करावी लागली होती. पेंड महागली की उत्पादक चिडतो, दर धरून ठेवला तर संघाला झळ. दूधबिल तर दर दहा दिवसांनी द्यायचंच.

अशा वेळी संचालक मंडळ कारभार कुणाच्या हाती ठेवतं? 1963 मध्ये स्थापन झालेल्या या संघात खुर्च्या दोन. अध्यक्ष निवडून आलेल्या संचालकांतला, कार्यकारी संचालक नेमलेला. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतच मतदान झालं, सत्तांतर झालं. विश्वास पाटील अध्यक्ष झाले, 2023 मध्ये अरुण डोंगळे, 2025 मध्ये नवीद मुश्रीफ. या खांदेपालटात गटातटाचं गणित होतं; मक्याच्या भावाचा संबंध मला तरी दिसला नाही. पण डोंगळे यांच्या वेळचे कार्यकारी संचालक डॉ. योगेश गोडबोले मुश्रीफ यांच्या वेळीही त्याच पदावर होते. बाजार डळमळीत असताना माहितीतला हात सोडायला मंडळ धजत नाही, असं मी यावरून समजतो. मोठ्या उद्योगांतही तेच. 2016 मध्ये टाटा सन्सनं अध्यक्ष सायरस मिस्त्रींना हटवलं आणि नवा अध्यक्ष टीसीएसमधून, म्हणजे घरातूनच आणला.

यात शहाणपण आहे, तसा आळसही असू शकतो. कंपनी कायद्यात व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक एका वेळी 5 वर्षांपलीकडं करता येत नाही. निदान तेवढ्यापुरता तरी कंपनीच्या मंडळाला फेरविचार करावा लागतो. दूध संस्थांच्या प्रतिनिधींनो, वार्षिक सभेत पेंडीच्या दरावर जरूर भांडा. पण कार्यकारी संचालकाचं काम मंडळानं कशावर तोललं, हेही एकदा उभं राहून विचारा.