रोटाव्हेटरवर बसलेला हात पिकअपला चालेल का?

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथला माणूस घाटावर आणि घाटाखाली असेच सांगतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा, चिखली, मेहकर अजिंठ्याच्या रांगेवरच्या पठारावर. सोयाबीन किंवा कापूस भरलेली पिकअप राजूर घाट नाहीतर बोथा घाट उतरून बाजाराला निघते, तेव्हा मालकाचे लक्ष टायर, ब्रेक आणि इंजिनकडे असते. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत जाणारा शाफ्ट आणि त्याच्या टोकांचे क्रॉस खडखडायला लागेपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसतात. खडखडले की प्रश्न येतो: गॅरेजला न्यावे की अंगणातच उरकावे? ज्या घरी रोटाव्हेटर आहे तिथे उत्तर तयार असते, कारण ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या पीटीओ शाफ्टलाही तसाच क्रॉस असतो आणि तो घरी बदलता येतो. हा आत्मविश्वास बराचसा रास्त आहे. मात्र रोटाव्हेटरवर खपून जाणाऱ्या दोन सवयी, हातोडा आणि अंदाज, रस्त्यावरच्या गाडीत खपत नाहीत.

मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स चासीला घट्ट असतो, पण मागचा अॅक्सल कमानपाट्यांवर वरखाली होतो. त्यामुळे शाफ्टचा कोन सतत बदलतो, आणि त्या बदलत्या कोनातून ताकद पुढे नेण्याचे काम क्रॉस करतो. अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी 1903 साली मोटारीसाठीच्या अशा सांध्याचे पेटंट घेतले. आजच्या सांध्याची रचना अशी. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात सुईसारखे बारीक रोलर. या सुया पूर्ण गोल फिरत नाहीत, थोड्याशा जागेत मागेपुढे डोलतात. ग्रीस आटले किंवा सीलमधून चिखलपाणी आत गेले की त्याच जागी गंज धरतो आणि टोकांवर सुयांच्या खाचा पडतात. घाट चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिनची ओढ कित्येक पटींनी वाढून या खाचांवर येते. उतरताना इंजिन गाडी रोखून धरते तेव्हा तीच ओढ उलट्या दिशेने बसते. काळ्या मातीच्या पांदणरस्त्यावरून घाटात जाणारी गाडी क्रॉसला असे दोन्हीकडून झिजवते.

झीज ओळखणे सोपे आहे. गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना खट्ट आवाज, हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव, वेग वाढला की बुडाखाली थरथर, आणि कपाभोवती तांबूस भुकटी. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसच्या जागी ढिलाई जाणवली तर तो बदलायचाच. खाच पडलेला क्रॉस ग्रीसने बरा होत नाही. दगडांबाबत हयगय नको. शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये टाकून अडत नाही, आणि काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असल्यामुळे तोही निकामी होतो. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, पक्के स्टँड लावावेत.

आता अंदाजाची सवय. एकटा क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. कोन 10 अंशांचा असेल तर सुमारे दीड टक्क्याने. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार भरून काढतो, पण शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत असतील तरच. म्हणून खोलण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या भागावर रंगाने खुणा करायच्या आणि जोडताना त्या जुळवायच्या. रोटाव्हेटरवर इतके कुठे कोण पाहते, असा आक्षेप येईल. पण सर्वसाधारण पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, तर ताशी 80 किलोमीटरला पिकअपचा शाफ्ट दोन हजारांवर जातो. खुणा चुकल्याने होणाऱ्या असंतुलनाचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट वेगाला सोळापट. शेतात न जाणवणारी चूक रस्त्यावर गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते.

हातोड्याचेही तसेच. कप धरून ठेवणारे लॉक काढल्यावर कप वाईसमध्ये दाबून काढावेत: एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा. हातोड्याने योकचे भोक वाकडे झाले की नवा क्रॉसही लवकर जातो. नवा कप बसवताना सुया ग्रीसमध्ये उभ्या आहेत ना हे पाहावे. कप शेवटी अडला तर बहुधा आत सुई आडवी पडलेली असते. जोर न लावता कप काढून पुन्हा बसवावा. लॉक खाचेत पूर्ण बसले, क्रॉस चारही बाजूंनी अडखळल्याशिवाय हलला आणि ग्रीस चारही सीलमधून डोकावले, की काम झाले. नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळून थोडे चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

मग मिस्त्रीकडे जायचेच नाही का? जायचे, पण त्याची सीमा ठरवून. एका तुकड्याचा, दोघांना पेलणारा शाफ्ट घरी खोलायला हरकत नाही. सेंटर बेअरिंगवर टेकलेला मोठ्या ट्रकचा जड शाफ्ट, वाकलेली नळी, किंवा भोकात सैल बसणारा कप यांना प्रेस आणि बॅलन्सिंग मशीन लागते; तिथे घरचा हट्ट महाग पडतो. उलट ग्रीस गन मारणे आणि ढिलाई पाहणे हे काम मात्र मालकाचेच. चालत्या गाडीत पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतू शकते. हंगामाआधी शाफ्टखाली घालवलेली दहा मिनिटे हा धोका आधीच दाखवून देतात, आणि ग्रीस निपल असलेल्या क्रॉसवर तर नव्या क्रॉसचा खर्चही लांबवतात.